गाय थांबते ती जागा

मर्टी लर्निहानचं 'हो' कधी बाहेर पडायचंच नाही. इतर माणसं 'हो' म्हणताना श्वास सोडतात, हा आत ओढायचा. गरम चहाचा घोट फुरकावा तसा 'ह्हॉ' असा एक आवाज यायचा आणि शब्द मर्टीच्या पोटात गुडूप व्हायचा. पश्चिम क्लेअर परगण्यात असं 'हो' म्हणणारे पुष्कळ आहेत, पण मर्टीइतकं चोख कोणाला जमत नसे. पाऊस येणार म्हणतोस? ह्हॉ. गाय व्याली का रे? ह्हॉ. फादरांची बदली झाली म्हणे? ह्हॉ. गावातल्या पोरांनी त्याची नक्कल बसवली होती. एकदा पोस्टाच्या रांगेत सगळ्यांनी मिळून ती त्याच्या पाठीमागं करून दाखवली, तर मर्टी मागं न बघताच ह्हॉ म्हणाला. त्याला वाटलं, कोणीतरी काहीतरी विचारलं.

एवढ्यावर आठवडा काढणारा हा माणूस बोलायचा तो रविवारी, आणि तेही बासरीतून. चर्चमधली सकाळची मिसा सुटली की कॉनी हेहिरच्या पबमध्ये बैठक बसायची. शेगडीजवळ फिडल, म्हणजे गावठी व्हायोलिन, घेऊन जो पॅट किलीन नावाचा गडी, त्याच्या शेजारी हातातल्या भात्याची कॉन्सर्टिना वाजवणारी एखादी, दाराकडे पाठ करून आणखी दोघंतिघं, आणि घड्याळाखालच्या स्टुलावर मर्टी. ते स्टूल मर्टीचं. त्यावर नाव नव्हतं, पण डब्लिनचा एखादा पाहुणा नकळत तिथं टेकला की कॉनी काउंटरमागून मधाळ आवाजात म्हणायची, "तिथं नको हं राजा, त्या स्टुलाचा पाय हलतो." पाय मुळीच हलत नव्हता. मग मर्टी यायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा, डब्यातून काळ्या लाकडी बासरीचे तुकडे काढून जोडायचा, खालचा ओठ एकदा चाटायचा, आणि आठवडाभर आत ओढलेला सगळा श्वास बाहेर सोडायचा.

बासरी त्याच्या थेडीमामाची. मामा जाऊन जमाना झाला होता. बासरीबरोबर मामाची एक चालही मर्टीकडे आली होती, 'थेडीची गाय परत आली' नावाची. आसपासच्या कुठल्याच गावात ती कोणी वाजवत नसे. चाल नाचाची, झपाझप पळणारी. पण तिच्या दुसऱ्या भागात एक जागा अशी होती की सूर वर चढायचा, ऐकणाऱ्याला वाटायचं आता उतरणार, ठेक्यासाठी उचललेला पाय खाली यायला निघालेलाही असायचा, आणि सूर उतरायचाच नाही. तिथंच लोंबकळायचा, अगदी क्षणभर. मग काही झालंच नाही अशा थाटात खाली यायचा. थेडीमामा सांगायचा, गाय घरी येतेय, फाटकापाशी पोचलीय, आणि तिथं थांबून एकदा मागं वळून बघतेय. कशाला बघते, असं लहानपणी मर्टीनं विचारलं, तेव्हा मामा म्हणाला होता, ते तिला विचार.

बैठकीचे नियम कुणी कुणाला सांगत नाही. पण ज्याची चाल त्यानंच उचलायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उचलली की बाकीच्यांनी धरायची, मग जो पॅट काय नि कॉन्सर्टिनावाली काय, सगळे मिळून पळवणार. मात्र पहिला सूर ज्याचा त्याचा. माणूस आजारी असला, इंग्लंडला कामाला गेला, तर त्याची चाल त्याच्यासाठी थांबते. माणूस गेला तर वर्षभर थांबते. वर्षाची मिसा झाली की घरच्यांपैकी कोणीतरी बैठकीला येऊन ती पुन्हा उचलतं. थेडीमामाच्या वर्षाच्या मिसेनंतर त्याची गाय मर्टीनं उचलली होती, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं तेव्हा. तेव्हापासून त्या गावात ती गाय मर्टीशिवाय कोणी घरी आणली नव्हती.

आता कवळीचं.

मर्टीची बहीण डिम्फना बॉस्टनला. याच चिखलात वाढलेली बाई, पण तिकडं जाऊन अशी काही बोलायला लागली होती की फोनमधून शब्द च्युइंगमसारखे ताणत यायचे. दर रविवारी संध्याकाळी फोन. "मऽऽर्टी, जेवलास काऽऽ? मऽऽर्टी, अंगात लोकरीचं घालतोस नाऽऽ?" मर्टी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचा आणि ह्हॉ म्हणायचा. एका वसंतात तिनं कळवलं की उन्हाळ्यात ती मुलाबाळांना, नातवंडांना घेऊन येणार, आणि त्याच दमात असंही कळवलं की कुणाच्यातरी लग्नाच्या फोटोत तिनं मर्टीचं तोंड पाहिलंय. तोंड आहे की पडकी भिंत, नातवंडं घाबरतील. मर्टीनं आरशात पाहिलं. वर मोजके दात होते, काळपट, एकमेकांशी न बोलणारे. त्याला ते कधी नडले नव्हते. पण डिम्फनानं बॉस्टनमधून जवळच्या एनिस शहरातल्या दातांच्या डॉक्टरकडं त्याची वेळसुद्धा ठरवून टाकली होती, आणि डिम्फनाला नाही म्हणायचं तर त्यासाठी श्वास बाहेर सोडावा लागला असता.

डॉक्टरनं उरलेसुरले उपटले आणि कवळी बसवली. पांढरीशुभ्र, सरळ, सिनेमातल्या नटाची असावी तशी. आणि भोवती मर्टीचा वाऱ्यानं रापलेला चेहरा. डिम्फना आली, आठवडाभर राहिली, भिंतीशी उभं करून त्याचे फोटो काढले, आईच्या कबरीवर रडली, गेली. कवळी राहिली.

पुढच्या रविवारी मर्टी स्टुलावर बसला, बासरी जोडली, ओठ चाटला आणि फुंकलं. फुस्स. त्यानं बासरी जरा फिरवली, पुन्हा फुंकलं. फुस्स, आणि शेवटी एक शीळ, किटलीची असते तशी. त्याच्या ओठाला एका तुटक्या सुळ्यावर टेकायची सवय होती. उभ्या आयुष्यात ती वाट त्यानं कधी बघून शोधली नव्हती, श्वास आपला आपण तिथून जायचा. आता तिथं गुळगुळीत पांढरी भिंत. मंडळी खाली मान घालून वाट बघत होती. जो पॅटला शांतता सहन होत नाही. तो म्हणाला, "मर्ट्या, ठेव ती बासरी. त्या दातांवर आता पियानोच वाजव."

सगळे हसले. मर्टीही हसला. मर्टीचं हसू अख्खंच्या अख्खं त्या दिवशी गावानं पहिल्यांदा पाहिलं, अगदी दाढांपर्यंत. मग त्यानं बासरी सुटी केली, पुसली, डब्यात घातली आणि गाय व्यायला झालीय म्हणून उठला. त्याची कुठलीच गाय व्यायला झाली नव्हती, आणि हे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्यानंतर तो आला नाही.

गावात याचं काय झालं असेल ते सांगायला नको. कोणी म्हणालं, मर्टीनं दारू सोडली. कोणी म्हणालं, बहिणीनं बॉस्टनची एखादी विधवा त्याच्या गळ्यात बांधलीय, म्हणून तर दात. पोस्टातल्या बाईंनी तर तो तिकडच्या फोटोंच्या मासिकात झळकणार असल्याचं सांगितलं. मर्टीला मात्र कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धत नाही. रस्त्यात ट्रॅक्टर समोरून आला की माणसं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात, तो उचलतो, झालं. त्या बोटात सगळं येतं, हवापाणी, तब्येत, शोक. कवळी मात्र मावत नव्हती.

जो पॅटला वाटलं, आपल्या पियानोमुळं झालं हे. त्यानं माफी मागितली ती त्याच्या तऱ्हेनं: एका सकाळी मर्टी उठून बघतो तर वरच्या शेताचं फाटक, जे कित्येक हिवाळे दोरीवर लटकत होतं, ते नव्या बिजागऱ्यांवर सरळ उभं. मर्टीनं ते उघडून बघितलं, लावून बघितलं. कोणी केलं ते समजायला वेळ लागला नाही, कारण बिजागरी उलटी बसवणारा गावात एकच माणूस. पण आता यावर बोलायचं काय? राग तर नव्हताच. राग असता तर किती सोपं झालं असतं. खरं होतं ते सांगायला त्याला तोंड नव्हतं, म्हणजे अक्षरशः नव्हतं.

कारण गोठ्यात त्यानं सगळं करून पाहिलं होतं. कवळी घालून फुंकलं. श्वास दोन वाटांनी फाटायचा, निम्मा बासरीत, निम्मा गालावर. कवळी काढून फुंकलं. वरचा ओठ आत कोसळायचा, नुसता वारा. ओठ बोटानं वर धरून फुंकलं, तर मग भोकं झाकायला बोट कमी. गायी रवंथ करत बघायच्या. फ्लॉस कुत्री सुरुवातीला कान पाडून ऐकायची, मग मोठ्या सभ्यपणानं उठून बाहेर जायची. थेडीमामाची बासरी तीच, बोटं तीच, चाल डोक्यात जशीच्या तशी, आणि मधली वाट तेवढी बुजलेली. काही दिवसांनी त्यानं डबा कपाटावर ठेवला. तिथं आधी रेडिओ असायचा.

बासरी नसताना बैठकीला जावं, तर तिथं हात कुठं ठेवायचे? न वाजवणारी माणसं काउंटरशी उभी राहून बोलतात. मर्टीला बोलायचं नव्हतं, त्याला वाजवणाऱ्यांच्या मध्ये बसायचं होतं, जिथं दोन फिडलींच्या मध्ये स्वतःचा सूर कुठला ते स्वतःलाही ऐकू येत नाही. मग त्यानं मिसाच बदलली. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या गावच्या चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर. वाणसामानही तिकडून. हळूहळू असं झालं की सोमवार ते शनिवार त्याचा आवाज फक्त गायींनी ऐकायचा आणि रविवारी डिम्फनानं. चहाला तो सवयीनं दोन कप काढायचा, मग एक परत ठेवायचा. दुसरा कप आईचा होता की मामाचा, हेही आता नीट आठवत नव्हतं.

तरी रविवारी दुपारी पायांना राहवत नसे. कॉनीच्या पबच्या मागं मर्टीची एक पट्टी होती, ओलसर, लव्हाळ्यानं भरलेली, तिथं जेमतेम चार वासरं चरायची. ती मोजायला तो जायचा. वासरं मोजायला किती वेळ लागतो? मर्टीला बैठक संपेपर्यंत लागायचा. तो दगडी कुंपणाशी उभा राहायचा, पबच्या मागच्या खिडकीकडं पाठ करून, जणू वासरांचंच काही चाललंय.

कॉनी भांडी घासायच्या मोरीशी असायची. पहिल्याच रविवारी तिनं त्याची टोपी कुंपणावरून पाहिली. तिनं मागची खिडकी उघडली. तेव्हापासून दर रविवारी ती खिडकी उघडी, हिवाळा लागला तरी उघडी. आतली माणसं कोटाच्या कॉलरी वर करून बसायची, जो पॅट म्हणायचा, इथं फिडलीच्या तारांना पडसं झालंय. कॉनी म्हणायची, शुक्रवारच्या माशांचा वास जात नाही रे, काय करू.

तर मर्टी ऐकायचा. आणि तो ऐकायचा ते मुख्यतः जे वाजत नव्हतं ते. जो पॅटच्या चाली झाल्या, कॉन्सर्टिनावालीच्या झाल्या, कोणीतरी एक करुण चाल एकट्यानं वाजवली. पण थेडीची गाय कोणी उचलली नाही. त्यानं त्याला बरं वाटायचं. चाल थांबलीय, म्हणजे स्टूल थांबलंय. पण त्याच बरं वाटण्याच्या पोटात एक भीतीही होती, कारण मामाची चाल अशीच थांबवली होती, मामा मातीत असताना. आपल्याला हे जिवंत धरून थांबलेत की मेलेला? आणि एखाद्या रविवारी कोणी उचललीच, तर मग खलास. स्टूल गेलं, जागा गेली, मग या कुंपणाशीसुद्धा उभं राहायला काही कारण उरत नाही. असे तो उन्हाळ्याचे राहिलेले रविवार उभा राहिला, आणि पानझडीचे, आणि मग हिवाळ्याचे. वासरं या काळात चांगली मोठी झाली. एवढी मोजलेली वासरं तालुक्यात दुसरी नसतील.

बैठकीत एक ॲनेग्रेट नावाची बाई होती. जर्मन. वर डोंगरात शेळ्या पाळायची, चीज करायची. बोलायची ती पुस्तकातून उठून आल्यासारखी. "नमस्कार, जो पॅट. आज आपली प्रकृती उत्तम आहे काय?" जो पॅट उठून वाकायचा आणि म्हणायचा, "माझी प्रकृती उत्तम आहे, बाईसाहेब. आपल्या शेळ्यांची प्रकृती उत्तम आहे काय?" ती मनापासून एकेका शेळीचं सांगायची. मर्टी वाजवायचा तेव्हापासून किती तरी महिने ती फिडलची पेटी मांडीवर बंद ठेवून नुसती ऐकत बसली होती. मग एक दिवस उघडली. हळू वाजवायची, पण जे ऐकलंय ते सगळं तिच्याकडं साठलेलं होतं. फक्त नियम कानांनी ऐकू येत नाहीत, आणि ते तिला कोणी सांगितले नव्हते.

त्या रविवारी भिंतींवर दहिवर अजून वितळलं नव्हतं. जो पॅटनं आपली चाल संपवली आणि शिष्टाचार म्हणून ॲनेग्रेटकडं फिडलच्या धनुकलीनं खूण केली, तू उचल एखादी. तिनं उचलली.

पहिले तीन सूर आले आणि कुंपणाशी मर्टीचा हात दगडावर होता तो तिथंच राहिला. थेडीची गाय. त्याच्याशिवाय.

मग त्याला कळलं की काहीतरी चुकतंय. एकच फिडल वाजत होती. पहिला भाग एकदा झाला, परत झाला, तरी एकच. जो पॅटनं धरली नव्हती, कोणीच धरली नव्हती. भिंतीपलीकडून त्याला ती शांतता दिसत होती म्हटलं तरी चालेल: सगळे ग्लासात बघत असणार, जो पॅट धनुकलीचे केस तपासत असणार. त्याच्यासाठी थांबले होते ते. त्याच्यासाठी त्या बाईला एकटीला सोडून थांबले होते. आणि बाई वाजवत होती, थांबायचं कसं हे न कळून, चारी बाजूंनी मुकी माणसं आणि मध्ये आपला एकच सूर. ते कसं असतं हे मर्टीला कुणी सांगायला नको होतं.

दुसरा भाग आला. सूर वर चढला, आणि उतरला. सरळ. गाय थांबलीच नाही.

मर्टीला वाटलं, चुकली असेल, पुढच्या वेळी थांबेल. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा गाय फाटकातून सरळ आत. त्यानं टोपी काढली, परत घातली. तिला कोणी सांगत का नाही? पण सांगणार कोण? आत कोणाच्या बापाला ती जागा सांगता आली असती? ती जागा त्या गावात एकाच माणसाकडं होती, आणि तो माणूस वासरं मोजत होता.

तिसऱ्यांदा गाय थांबली नाही तेव्हा मर्टी कुंपण ओलांडून पलीकडं उतरला होता.

तो मागच्या दारानं मोरीत शिरला, चिखलानं भरलेल्या बुटांसकट. कॉनीच्या हातात ग्लास होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, ग्लास पुसून फळीवर ठेवला. "पाय पूस, मर्टी," ती म्हणाली. "आणि ती खिडकी लाव एकदाची. गारठून मेलो आम्ही."

त्यानं पाय पुसले, खिडकी लावली आणि आत गेला. ॲनेग्रेट थांबली होती, कानांपर्यंत लाल. घड्याळाखालचं स्टूल रिकामं होतं. मर्टी बसला नाही, तिच्यासमोर उभा राहिला.

"तुमची गाय थांबत नाही," तो म्हणाला.

"क्षमा करा," ॲनेग्रेट म्हणाली. "कोणती गाय?"

"थेडीची. ती फाटकापाशी थांबते, वळून बघते, मग आत येते. तुम्ही तिला ट्रकात घालून आणलीत."

कोणीतरी बिअरच्या ग्लासात खाकरलं. ॲनेग्रेट हसली नाही. तिनं फिडल मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आपण मला ती जागा दाखवाल काय?"

आता सगळ्यांचे डोळे मर्टीच्या हातांवर. हात रिकामे. पुढच्या खेपेला दाखवतो म्हणता आलं असतं, गाय व्यायला झालीय म्हणता आलं असतं. दार मागंच होतं. मर्टीनं खिशातून रुमाल काढला, तोंडाशी नेला, कवळी काढली, रुमालात नीट गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्याचा चेहरा एका क्षणात त्याच्या मामासारखा झाला. मग तो स्टुलावर बसला आणि त्यानं तोंडानं चाल म्हणायला सुरुवात केली, जुनी माणसं म्हणायची तशी, घरात वाद्य नसलं तरी नाच थांबू नये म्हणून.

डिडल-डी आय-डल, डिडल-डी आय-डल, डाय-डल डिडल-डी डम. आवाज फाटका, शब्दांना कड नाही, हिरड्यांवरून घसरणारे. पण ठेका असा की शेगडीतलं राखेचं ढेकूळसुद्धा त्यावर पडलं. दुसरा भाग आला, सूर चढला, चढला, आणि त्या जागेवर मर्टीनं श्वास आत ओढला. ह्हॉ. सूर लोंबकळला. मग खाली आला.

"हं," ॲनेग्रेट म्हणाली. "आपण इथं श्वास घेता."

"मी नाही घेत," मर्टी म्हणाला. "गाय बघते."

त्यानं पुन्हा सुरुवातीपासून धरली आणि पुरी म्हटली. संपली. सगळे गप्प. देवळात असावेत तसे हात मांडीवर ठेवून, डोळे ओलावून, आदरानं गप्प. मर्टीनं त्यांच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. कुंपणाबाहेर ऐकू यायची तीच शांतता ही, फक्त आतून. एवढं कुंपण चढून, एवढं तोंड उघडं टाकून तो हिच्यासाठी आला नव्हता.

"बसलात काय असे?" तो म्हणाला. "माझं तोंड गेलंय. तुमचे हात कुठं गेले?"

इतकं एका दमात बोलताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं. जो पॅटनं फिडल हनुवटीखाली घेतली, पण धनुकली वरच धरली. "गाय तुझी, मर्ट्या," तो म्हणाला. "तू उचलल्याशिवाय आम्ही हाकायची कशी?"

"उचलली की मघाशी. बहिरा झालास काय?"

आणि त्यानं परत उचलली, डिडल-डी आय-डल. या वेळी दुसऱ्याच सुराला जो पॅट आत आला, मग कॉन्सर्टिना, मग ॲनेग्रेट, कडेकडेनं. दुसऱ्या भागात ती जागा आली आणि सगळे मिळून थांबले, जो पॅट जरा जास्तच, कारण तो कशातही जास्तच करतो. पहिल्या फेरीतच मर्टीचा आवाज त्या सगळ्यात बुडाला. तो म्हणत होता हे फक्त त्याच्या ओठांवरून कळत होतं. त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. त्यानं डोळे मिटून घेतले.

निघताना त्यानं जो पॅटला सांगितलं की वरचं फाटक आता बरं लागतं. कुठलं फाटक, जो पॅटनं विचारलं. मर्टी म्हणाला, ज्याच्या बिजागऱ्या उलट्या आहेत ते. एवढ्यावर तो विषय त्यांच्यात मिटला. ॲनेग्रेट पेटी बंद करत होती. तो तिच्यापाशी गेला.

"पुढच्या रविवारी तुम्हीच उचला," तो म्हणाला. "माझी वाट बघू नका. फुंकणं काही परत यायचं नाही."

"परंतु आपण याल ना?"

"ह्हॉ," मर्टी म्हणाला.

घरी आला तेव्हा अंधारून आलं होतं. फ्लॉसनं दारात शेपूट हलवली आणि बुटांचा वास घेतला. चूल विझलेली होती. त्यानं दलदलीतल्या वाळक्या मातीची, जळणाची ढेकळं रचली, किटली ठेवली, दोन कप काढले, एक परत ठेवला. कपाटावरच्या डब्याकडं पाहिलं. काढावा असं मनात आलं, आणि हात अर्ध्यात जाऊन परतला. तोंड गेलंय हे आज बोलून झालं होतं, सगळ्यांसमोर. पुन्हा स्वतःला ऐकवायची गरज नव्हती.

फोन वाजला. "मऽऽर्टी, जेवलास काऽऽ?" ह्हॉ. "कवळी घालतोस नाऽऽ, रोज?" ह्हॉ. कवळी शर्टाच्या खिशात रुमालात होती. तिकडं काही नवीन, डिम्फनानं विचारलं. मर्टीनं विचार केला. सांगायला बसलं तर कुठून सुरुवात करायची, आणि बॉस्टनपर्यंत त्यातलं काय पोचणार. काही नाही, तो म्हणाला, थंडी आहे. तिनं लोकरीचं घाल म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग घरात किटलीचा आवाज तेवढा राहिला.

चहा गाळताना त्याच्या तोंडात चाल आपोआप आली, डिडल-डी आय-डल, अगदी हळू, त्याची त्यालाच ऐकू येईल अशी. पहिला भाग झाला, परत झाला. दुसऱ्या भागात सूर चढला, ती जागा आली, आणि मर्टी किटली हातात धरून थांबला. मागं वळून बघितलं. खोलीत कोणी नव्हतं. फ्लॉससुद्धा झोपली होती.

मग पुढचं म्हणाला.